पद्मिनीच्या रिमवर गुळगुळीत स्प्रे फिनिश हवं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी, घर नागपुरातच. स्टेपनी धरून पाचही रिम खोलले, घासले आणि मे महिन्यात गच्चीवर स्प्रे कॅनने सिल्व्हर मारला. चार-चार कोट देऊनही हात फिरवला की पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागतं. एका रिमवर ओघळ आलेत, दोन रिमवर बारीक गोल खड्डे पडलेत. आता त्यावरच आणखी एक कोट मारला तर चालेल का?

नाही चालणार. त्यावर कितीही कोट मारले तरी खालची खरखर वर येतच राहील. पण रिम काही वाया गेलेले नाहीत. लोखंड शाबूत आहे तोवर काम परत करता येतं, आणि दुसऱ्यांदा ते चांगलंच होतं, कारण काय चुकलं ते आता तुम्हाला दिसलं आहे.

तुमच्या रिमवर तीन वेगळी दुखणी आहेत. खरखर आहे ती ड्राय स्प्रेची. मे महिन्यातली दुपार, पारा ४४-४५वर, गच्चीचा स्लॅब तापलेला, रिम इतका गरम की हात टेकवत नाही. अशा वेळी रंगाचा थेंब नोझलमधून निघून रिमपर्यंत पोचेस्तोवर त्यातला थिनर उडून जातो. रिमवर रंग पडतच नाही, रंगाची भुकटी पडते. ती पसरत नाही, एकमेकींत मिसळत नाही, नुसती चिकटून बसते. ऑरेंज पील म्हणतात तो प्रकार वेगळा. संत्र्याच्या सालीचा पोत नागपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ओळखायची खूण सोपी आहे: रिम ट्यूबलाइटखाली धरा. उजेडाची रेघ दिसते पण डुगडुगलेली दिसते, तर ऑरेंज पील. रेघच दिसत नाही, नुसता धुरकट पट्टा दिसतो आणि काळं फडकं घासलं की त्याला रुपेरी भुकटी लागते, तर ड्राय स्प्रे. ऑरेंज पील पुष्कळदा पेपर आणि रबिंग कंपाउंडने (घासून चकाकी आणायच्या पेस्टने) निघते. ड्राय स्प्रे सिल्व्हरमध्ये असेल तर घासून परत मारण्याशिवाय इलाज नाही.

ओघळ आले ते बहुधा खरखर पाहून तुम्ही एका रिमवर कॅन जवळ नेलात म्हणून. आणि गोल खड्डे, ज्यांना फिश आय म्हणतात, ते सिलिकॉनचे. टायर काळे चमकवायचं पॉलिश असतं ना, त्यात सिलिकॉन असतं. वर्षानुवर्षं ते टायरवरून रिमच्या कडेला ओघळत आलेलं असतं. पेपर मारून ते निघत नाही, उलट रिमभर पसरतं.

हे मला एका अॅम्बेसेडरने शिकवलं. पाच रिम, तीनदा रंगवले, तिन्ही वेळा खड्डे. थिनर बदलला, रंगाचा डबा बदलला, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करून वाळवली. शेवटी लक्षात आलं की त्याच शेडमध्ये, मी रंग मारायच्या तासभर आधी, आमचा पोरगा दुसऱ्या गाडीच्या टायरवर पॉलिश फवारत होता, आणि त्याच्याच हातातल्या फडक्याने मी रिम पुसत होतो. तेव्हापासून रंगाचं काम चालू असेल त्या दिवशी टायर पॉलिशची बाटली शेडमध्ये येत नाही. पुसायची फडकीही वेगळी, नवीन, फक्त त्याच कामाची.

आता काम पहिल्यापासून. टायर-ट्यूब उतरवूनच घ्या. टायरला मास्किंग टेप लावून रंगवलेला रिम लांबून बरा दिसतो, पण टायर आणि रिमच्या सांध्यात जिथे पाणी साचतं तिथेच रंग नसतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. बॅलन्सिंगची शिशाची वजनं काढा. आधीचा रंग काढायला पेंट रिमूव्हर चालतो, अँगल ग्राइंडरला कप ब्रश लावूनही काढता येतो. पण जुन्या रिमसाठी मला सँडब्लास्टिंग सगळ्यात आवडतं. एमआयडीसीच्या बाजूला फॅब्रिकेशनची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केली की करून देणारा सापडतो. पाच रिम एकत्र न्या. रिमची बाहेरची कडी आणि मधली डिस्क जिथे जोडलेली असते त्या फटीतला गंज ब्रशने निघतच नाही, ब्लास्टिंगने निघतो. एक पथ्य पाळा: ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे. पावसाळ्यात रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते. उघड्या लोखंडाला नुसता हातही लावू नका, घामाचा ठसा प्रायमरखाली गंजतो.

रिम उघडा झाला की रंगाचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि उन्हात नेऊन नीट बघा. नटांच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी तडा दिसते का? भोकं लांबट झाली आहेत का? तसं असेल तर तो रिम बाद. त्यावर वेल्डिंग मारून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, सुंदर रंगवून गाडीला लावायचा नाही. त्या गाडीत घरची माणसं बसणार आहेत.

मूळ रंग कोणता होता हे मात्र ब्लास्टिंगला देण्याआधीच बघून ठेवा. डिक्कीतल्या स्टेपनीची मागची बाजू आणि टायरखाली झाकलेला भाग इथे कंपनीचा रंग बहुतेक वेळा टिकलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, दिवसाउजेडी फोटो काढा, आणि शक्यतो तो रिमच रंगाच्या दुकानात घेऊन जा. बाजारात मिळणारा तयार सिल्व्हर आजच्या अलॉय व्हीलसाठी बनवलेला असतो, जुन्या गाडीवर तो फार पांढरा, फार चकचकीत दिसतो. थोडा राखाडीकडे झुकणारा, बारीक दाण्याचा सिल्व्हर पद्मिनीला शोभतो, असं माझं मत.

गुळगुळीतपणाचं खरं काम प्रायमरमध्ये आहे. रंगाचा थर कागदाएवढाही जाड नसतो, तो खड्डा भरत नाही, खड्डा दाखवतो. ग्राहक रंगाच्या डब्यावर पैसे घालतात आणि प्रायमरला रेड ऑक्साइड मारून मोकळे होतात. रेड ऑक्साइड गेटच्या ग्रिलला ठीक आहे. रिमवर ते नको, कारण त्यावर ड्यूको (पटकन वाळणारा जुन्या पद्धतीचा गाडीचा रंग) किंवा पीयू (दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला की वरचा तिखट थिनर खालचा थर उचलतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. उघड्या लोखंडावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. तो गंजाला अडवतो आणि लोखंडाला धरून बसतो. त्यावर पीयू सरफेसर, ज्याला आपण फिलर प्रायमर म्हणतो, त्याचे दोन-तीन भरपूर कोट. गंजाने खाल्लेले खोल डाग असतील तर इपॉक्सीवर पॉलिएस्टर लांबी लावा, पण पातळ, नुसती डाग बुजवण्यापुरती. चालत्या गाडीचा रिम सतत लवत असतो, जाड लांबी तडकते. टायर बसतो त्या जागेवर आणि नट बसतात त्या खळग्यांत लांबी अजिबात नको.

आता मी जे सांगतोय ते बहुतेक लोक टाळतात आणि तिथेच फिनिश जातं. सरफेसर वाळला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा, राखाडीवर मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखा. याला गाइड कोट म्हणतात. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, बादलीभर स्वच्छ पाणी, पाण्यात साबणाचे दोन थेंब. पेपर बोटांच्या टोकांनी दाबू नका, बोटांच्या सऱ्या पडतात. सपाट भागाला छोटा रबरी ब्लॉक घ्या, गोलाईला जुन्या स्लिपरचा तुकडा कापून घ्या. मी तीस वर्षं तोच वापरतो. घासत गेलात की उंचवट्यावरचा काळा ठिपका आधी जातो आणि खळग्यातला राहतो. जिथे काळं राहिलं तिथे अजून खड्डा आहे. सगळं काळं जाईपर्यंत घासायचं. काळं जाण्याआधी खालचा इपॉक्सी दिसायला लागला तर थांबा, परत सरफेसर मारा, परत घासा. शेवटी डोळे मिटून ओल्या रिमवरून तळवा फिरवा. हाताच्या आणि रिमच्या मध्ये पातळ प्लास्टिकची पिशवी धरली तर आणखी नीट कळतं. डोळ्याला न दिसलेली लहर तळव्याला लागते. सिल्व्हरखाली शेवटचा हात ६०० नंबरचा द्या, कारण ४००च्या रेघा मेटॅलिकमधून वर दिसतात. एका रिमला या घासण्यात दोन तास सहज जातात. पाच रिमचं मिळून एक पूर्ण रविवार आणि वर आणखी थोडं धरा.

पुसण्याबद्दल. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नका, दोन्ही तेलाचा पातळ पदर मागे ठेवतात. डीग्रीझर किंवा वॅक्स-ग्रीस रिमूव्हर मिळतो तो घ्या. एका फडक्याने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. वाळू दिलंत तर घाण विरघळून परत तिथेच बसते. हे दोनदा करायचं: एकदा पेपर मारायच्या आधी, म्हणजे सिलिकॉन रेघांमध्ये दाबलं जाणार नाही, आणि एकदा रंगाच्या तोंडावर. तुमच्या खड्डे पडलेल्या दोन रिमना तीनदा करा.

वेळ कोणती निवडायची? नागपुरात रंगाला सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचे. हवा कोरडी, ऊन सोसवणारं. मे महिन्यातच करायचं असेल तर सकाळी सहा ते आठ, त्यानंतर नाही. नवतप्यात तर हात लावूच नका. उन्हाळ्यात थिनर स्लो घ्या, दुकानदार देईल तो नेहमीचा नको. स्लो थिनर हळू उडतो आणि रंगाला पसरायला वेळ देतो. पावसाळ्यात उलटं संकट. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंगावर दुधासारखी साय येते. ड्यूकोमध्ये हे हमखास होतं. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली असताना मी रिम हातातच घेत नाही. आणि एक खास आपल्याकडची चूक: उकडतं म्हणून लोक कूलर चालू ठेवून रंग मारतात. कूलर म्हणजे पाण्याचं बाष्प आणि खसच्या ताटीचा भुगा थेट ओल्या रंगावर. कूलर बंद, पंखाही बंद.

धुळीसाठी शहाबादीवर सडा टाका, पाणी साचू न देता. गच्ची नको, बंद पार्किंग किंवा पोर्च बघा, पण दोन्ही बाजूंनी हवा खेळती असू द्या. दिव्याखाली संध्याकाळी मारू नका. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास चिलटं उजेडावर येतात आणि ओल्या रंगात बसतात.

गन वापरत असाल तर रिमला मोठी गन लागत नाही. १ मिलिमीटर नोझलची छोटी टच-अप गन कोपऱ्यांत छान जाते. मोठीच असेल तर १.३ची, सरफेसरला १.७. एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनला २८-३० पौंड हवा, साध्या गनला ४०-४५, तीही ट्रिगर दाबलेला असताना मोजलेली. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या, वॉटर ट्रॅप लावा. रंग फोर्ड कपातून (पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला कप) १८-२० सेकंदांत गळेल इतका पातळ. हार्डनरचं, म्हणजे रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकाचं, प्रमाण मात्र डब्यावर लिहिलं आहे तेच. "अजून थोडं हार्डनर टाकलं की कडक होईल" असं होत नाही, रंग ठिसूळ होतो.

कॅनच वापरणार असाल तरी फिनिश येतं, मी आणून दाखवलं आहे. कॅन उन्हात ठेवायचा नाही. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं त्यावर छापलेलंच असतं, आणि मे महिन्यात बंद डिक्की त्याच्याही वर जाते. थंडीत उलट करा: कॅन कोमट पाण्यात, अंघोळीला घेता तेवढ्याच गरम, पाच मिनिटं धरा. दाब वाढतो, फवारा बारीक होतो. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं हलवा. दोन कोटांच्या मध्येही हलवा. पहिला फवारा कागदावर, रिमवर नाही. नोझलच्या तोंडावर रंगाचा थेंब जमला की पुसा, नाहीतर तोच थेंब रिमवर थुंकल्यासारखा पडतो. दोन कोटांमधला वेळ डब्यावर बघा. काही कॅन सांगतात की एक तासाच्या आत मारा, नाहीतर दोन दिवस थांबा. मधल्या वेळात मारलं तर सुरकुत्या येतात.

आता हात. रिम कंबरेच्या उंचीवर, आडवा, फिरेल अशा स्टँडवर ठेवा. मी जुन्या हबला पाइप वेल्ड करून घेतला आहे. पाटाखाली बेअरिंग लावूनही काम होतं. आडव्या रिमवर ओघळ कमी येतात. आधी अवघड जागा: हवेच्या खिडक्यांच्या कडा, आतला वळसा, नटांच्या आसपासचे खळगे. दर्शनी भाग शेवटी. लोक आधी समोरचा भाग मारतात, मग कोपरे मारताना उडालेली भुकटी त्या छान ओल्या भागावर बसते आणि परत खरखर. अंतर एक वीत. मनगट वळवायचं नाही, हात सरळ न्यायचा, आणि फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला कोट विरळ, खालचं दिसेल असा, नुसता पकड घेण्यासाठी. १०-१५ मिनिटं थांबा. दुसरा भरीव.

मग क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. सिल्व्हरवर क्लिअर हवंच, नाहीतर ब्रेकच्या पुडीने आणि पावसाच्या चिखलाने तो वर्षभरात काळवंडतो. शेवटचा क्लिअरचा कोट ओला पडला पाहिजे. सगळ्यांची भीती इथेच असते, ओघळ येईल म्हणून हात लांब जातो, वेग वाढतो आणि परत कोरडा फवारा. बाजूला दिवा ठेवा, त्याचं प्रतिबिंब जिथे फवारा पडतोय तिथे बघत राहा. आधी दाणे दिसतात, मग ते एकमेकांत मिसळून काचेसारखं पाणी होतं. त्या क्षणी पुढे सरका. अर्धा सेकंद आधी सरकलात तर संत्र्याची साल, अर्धा सेकंद उशिरा तर ओघळ. हे वाचून येत नाही. जुन्या तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर प्रायमर लावून दहा-बारा वेळा करून बघा, मगच वडिलांच्या गाडीचा रिम घ्या. पहिला रिम स्टेपनीचा.

सिल्व्हरमध्ये ढगासारखे डाग दिसले तर क्लिअरच्या आधी, थोडं लांबून, कमी दाबाने एक हलका कोट फिरवा. चकचकीचे दाणे सारखे बसतात. ओघळ आलाच तर ओल्यात बोट लावू नका. दोन दिवस कडक होऊ द्या, नव्या ब्लेडने खरवडून सपाट करा, मग १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, मग रबिंग कंपाउंड. क्लिअरवर हे करता येतं. उघड्या सिल्व्हरवर करू नका, डाग पडतो.

मास्कबद्दल मी कळकळीने सांगतो. टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, टू-के कॅनमध्येही. त्याचा वास फारसा कळत नाही, पण एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर थोड्याशा फवाऱ्यानेही दम्यासारखा झटका येतो, आणि ते परत जात नाही. रुमाल, कापडी मास्क, दवाखान्यातला निळा मास्क यांनी काहीही अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क सगळ्यात सुरक्षित. तो नसेल तर टू-के घरी मारू नका, तेवढं क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. साध्या कॅनलाही ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा, हातमोजे. लहान मुलं आणि गॅसची शेगडी जवळ नको.

पावडर कोटिंग करू का, असंही बरेच जण विचारतात. टिकाऊ आहे, दगड लागून सहजी उडत नाही, आणि रोज चालणाऱ्या गाडीला मी स्वतः सुचवतो. पण ती भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात, साधी लांबी तिथे तग धरत नाही, त्यामुळे गंजाने खाल्लेले डाग तसेच दिसतात. पोतही थोडा सालीसारखाच राहतो. जुन्या गाडीचं रूप जपायचं असेल तर हाताने मारलेला रंगच.

रंग झाल्यावर निदान चार-पाच तास सावलीत. लगेच उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आवळतो आणि खाली अडकलेला थिनर बुडबुडे काढतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र नागपूरचं ऊन फुकटची भट्टी आहे, रोज दोन तास दाखवा. टायर आठवड्याने बसवा. पंक्चरवाल्याकडे स्वतः उभे राहा. लोखंडी पट्टी रिमच्या कडेवर टेकवण्याआधी मध्ये प्लास्टिकच्या डब्याची कापलेली पट्टी ठेवायला सांगा, साबणाचं पाणी भरपूर. घाई नसलेली वेळ, दुपारी जेवणानंतरची, निवडा आणि दहा-वीस रुपये जास्त द्या.

एक गोष्ट रंगाच्याही आधी करून ठेवायची असते, ती इथे सांगतो कारण तिचा परिणाम शेवटी दिसतो. रिमचा जो भाग ब्रेकच्या ड्रमला टेकतो आणि नटांचे जे तिरपे खळगे असतात, तिथे मास्किंग करा. फक्त प्रायमरचा पातळ थर राहू द्या, रंग आणि क्लिअर नको. तिथे जाड रंग असला की नट कसताना तो घट्ट वाटतो, मग चालताना रंग दबतो, सोलतो आणि नट सैल होतो. तरीही रिम लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर, म्हणजे वर्ध्याला एकदा जाऊन येण्याच्या आतच, गाडी थांबवा, व्हीलकॅप काढा आणि पाना लावून चारही चाकांचे नट पुन्हा तपासा.